तीन महिन्यांची बाग

मे महिन्यातल्या पहिल्या उबदार शनिवारी आमच्या नर्सरीत जी गर्दी उसळायची, तिला मी मनातल्या मनात लग्नाचा बस्ता म्हणायचे. माणसं सहकुटुंब येत, ढकलगाडी घेत आणि त्या दिवशी जे फुललेलं असेल ते उचलत सुटत. एखादी बाई तर गाडीत फुलांचा रंग रंगाशी जुळतो का तेही बघायची. मग जून संपला की हीच मंडळी तक्रार घेऊन हजर. बाग ओकीबोकी झाली, झाडं खराब निघाली. झाडं खराब नसत. त्यांनी मे महिना विकत नेलेला असे आणि तो संपलेला असे.

थंड देशातल्या बागेचा हा पहिला धडा. आपल्याकडे सदाफुली वर्षभर फुलते, जास्वंद कधीही उमलते. इकडे प्रत्येक झुडपाला वर्षातले जेमतेम काही आठवडे मिळतात. तेवढ्यात फुलायचं, बी धरायचं आणि पुन्हा झोपायचं. म्हणून इथं रंग निवडण्याआधी महिना निवडावा लागतो. गिऱ्हाइकाला मी आधी विचारायचे, "तुम्ही बागेत कधी बसता?" बरेच जण गोंधळायचे. एका आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, बायको घरात रागावलेली असते तेव्हा. त्यांना मी बारमाही हिरवी झुडपं दिली.

मी मूळची भंडाऱ्याची. शेतकीची पदवी घेऊन, लग्न करून, नवऱ्याच्या नोकरीमागे श्टुटगार्टजवळ आले. इथं माझी पदवी कुणाच्या उपयोगाची नव्हती, म्हणून पुन्हा माळीकामाचं रीतसर शिक्षण, म्हणजे आउसबिल्डुंग केलं आणि एकाच नर्सरीत निवृत्त होईपर्यंत राहिले. सुरुवातीला गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून 'इथलं कुणी माहीतगार आहे का' असं विचारत. पुढं पुढं तीच माणसं फाटकातून आत येताच 'फ्राऊ मेश्राम आज आहेत का' असं विचारायला लागली. एवढा अभिमान मी बाळगला तर चालेल.

केतकी आमच्याकडे आली ती एका सप्टेंबरात. तिचा नवरा समीर त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. दोघांनी जवळच्या गावात ओळीतलं एक छोटं घर घेतलं होतं, मागे आंगणाएवढी बाग. मराठी बोलणारी माळीण सापडल्याचा तिला इतका आनंद झाला की ती तासभर बोलतच राहिली. तिचं म्हणणं असं, की समीरच्या आई साताऱ्याला एकट्या असतात. समीरचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आई कायमच्या इकडे यायला तयार नाहीत, पण दर उन्हाळ्यात येतील. व्हिसा तीन महिन्यांचा. जून, जुलै, ऑगस्ट. तेवढ्या तीन महिन्यांत बाग अशी फुलली पाहिजे की त्यांना परत जावंसंच वाटू नये.

"बाकीचे महिने आम्ही दोघं कामावर असतो, काकू," ती म्हणाली. "हिवाळ्यात घरी येतो तेव्हा अंधार झालेला असतो. मातीची ढेकळं असली तरी चालतील. मला ते तीन महिने हवेत."

इतकी स्पष्ट मागणी घेऊन येणारं गिऱ्हाईक मला आधी कधी भेटलं नव्हतं. मी तिला सांगून पाहिलं, की वसंतातलं एखादं तरी झुडूप लाव, फॉर्सिथियाची पिवळी फुलं मार्चमध्ये येतात, जमिनीत चार कंद पुरून ठेव. ती नको म्हणाली. जागा थोडी आहे, एका झाडाची जागा मार्चला दिली तर ती जुलैतून जाते. हिशेब बरोबर होता. आणि खरं सांगायचं तर मलाही मोह पडला. सगळी बाग एकाच वेळी पेटवून दाखवायची संधी माळ्याला क्वचित मिळते.

मी दोन दिवस डोकं चालवलं. झुडपांत तीन मुख्य. एक, पांढऱ्या तुऱ्यांचं हायड्रेंजिया, ज्याची फुलं जुलैत पांढरी असतात आणि हळूहळू गुलाबी होत जातात. दुसरं बडलिया, जांभळ्या लांब कणसांचं, ज्यावर फुलपाखरं तुटून पडतात. तिसरी इकडची जास्वंद. ती आपल्या जास्वंदीची चुलत बहीण म्हणावी अशी, फिकट जांभळी, पोटात लालभडक, आणि कडाक्याच्या थंडीतही मरत नाही. त्यांच्या पायाशी बहुवर्षायू रोपं. ही दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जातात आणि मुळांतून पुन्हा उगवतात. सुगंधी फ्लॉक्स, निळे डेल्फिनियम, गुलाबी पाकळ्यांचा आणि मधोमध तपकिरी गोंडा असणारा एकिनेशिया. वाटेच्या कडेला लव्हेंडर. तिथली माती चिकट होती आणि लव्हेंडरला हिवाळ्यात थंडीपेक्षा पायाशी साचलेलं पाणी मारतं, म्हणून खड्ड्यात भरपूर खडी घातली. समीरने एका शनिवारी कुरकुरत ती खडी वाहिली. त्याला बागेत रस नव्हता. आईला फुलं आवडतात, एवढंच त्याला माहीत होतं.

पुढच्या जूनमध्ये त्याच्या आई आल्याच नाहीत. मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. नवी रोपं पहिल्या वर्षी तशीही बेताचीच फुलतात, म्हणून केतकीने स्वतःची समजूत घातली. पण समीरला आईला एकटं ठेवून चैन पडेना. गुडघा चालता झाल्याबरोबर त्याने व्हिसाची खटपट केली, आणि व्हिसा मिळाला तो फेब्रुवारीत.

त्यानंतर केतकीचा फोन आला. तिचा आवाज रडवेला होता. आई आल्यात, मागचं दार उघडून उभ्या राहिल्यात, बाहेर तपकिरी काड्या आणि चिखल. आणि मी वर्षभर त्यांना फोनवर बागेचं सांगत होते हो काकू.

मी नर्सरीतून प्रिमरोझच्या फुललेल्या चार कुंड्या घेऊन गेले. समीरच्या आई, विमलताई, दारातच भेटल्या. बुटक्या, काटक, मुलाचा जाडजूड कोट अंगात घातलेला. मला वाटलं होतं, समजूत घालावी लागेल. त्यांनी कुंड्या घेतल्या, खिडकीत ठेवल्या आणि मला थेट बागेत घेऊन गेल्या.

"कुठं काय आहे ते सांगा," त्या म्हणाल्या.

मी एकेक काडी दाखवत सांगत गेले. हा फ्लॉक्स, हा गुलाबी. इथं जमिनीत डेल्फिनियम आहे, कमरेच्या वर जातं, निळं. ही जास्वंद. त्या प्रत्येक ठिकाणी थांबत, काडी नखाने किंचित खरवडून आतलं हिरवं बघत आणि मान हलवत. हे हात माती ओळखणारे आहेत, हे मला तेव्हाच कळलं. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. दर तीन वर्षांनी बदली, दर बदलीला नवं सरकारी क्वार्टर, आणि प्रत्येक क्वार्टरमागे विमलताईंनी बाग केली होती. भोर, कराड, जत, आणखी कुठं कुठं.

"मी लावलेल्या पेरूचा पेरू मी कधी खाल्लेला नाही," त्या हसत म्हणाल्या. "झाड धरायला लागलं की आमची ऑर्डर यायची. फुलं बघायला मिळाली नाहीत याचं मला काही नाही. पण इथं दिवसभर करू काय, ते सांगा. केतकी मला कपसुद्धा विसळू देत नाही."

केतकीने आणि मी मिळून या बाईसाठी केवढी योजना आखली होती. रंग, उंची, सुगंध, महिना. त्यांना काय आवडेल हे केतकीने मला सांगितलं, मी केतकीला सांगितलं. विमलताईंना फोन करून कुणीच विचारलं नव्हतं.

आणि योगायोग असा, की फेब्रुवारीचा शेवट हेच त्या बागेतलं सगळ्यात मोठं काम. मी निवडलेली तिन्ही झुडपं नव्या फांद्यांवर फुलणारी. त्यांना थंडी ओसरता ओसरता जोरात छाटावं लागतं. छाटलं नाही तर ती मरत नाहीत, पण उंच, विरळ, दमलेली होत जातात आणि फुलं लहान लहान. शिवाय मार्च लागला की पक्षी घरटी बांधतात, म्हणून झुडपं मुळापर्यंत छाटायला इथं कायद्याने बंदी आहे. त्यामुळे सगळ्यांची घाई असते.

मी त्यांना माझी कात्री दिली आणि सांगितलं, फांदीवर खालून दोन डोळे मोजायचे आणि दुसऱ्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा. कोंबाला मराठीत आपण डोळा म्हणतो. जर्मनमध्येही माळी त्याला डोळाच म्हणतात, आउगं. हे सांगितल्यावर विमलताईंना फार गंमत वाटली. पलीकडच्या कुंपणाशी शेजारची म्हातारी उभी होती. तिला त्यांनी दोन बोटं दाखवली, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "आउगं." म्हातारीने "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली. दोघींची तेवढ्यावर ओळख झाली ती पुढं चहापर्यंत गेली.

गुडघा वाकत नव्हता म्हणून त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कापत होत्या. वरच्या फांद्यांना हात पुरेना, तेव्हा त्यांनी समीरला हाक मारली. तो आला, त्याने फांदी वाकवून धरली, त्यांनी कापली. तो म्हणाला, आई, सगळं मारून टाकशील. त्या म्हणाल्या, तू नुसतं धर. दुपारपर्यंत मायलेकांनी तिन्ही झुडपं छाटली, लव्हेंडरचे गोल गोल चेंडू केले. समीर आठवडाभर कारखान्यात असायचा, घरी आला तरी लॅपटॉपवर असायचा. केतकीने मला नंतर सांगितलं, की त्या तीन महिन्यांत दोघं एकत्र अशी तेवढीच दुपार बसली.

मार्चमध्ये त्या गल्लीत घरोघरी फॉर्सिथिया पिवळा झाला, मग डॅफोडिल्स आले, मग ट्युलिप. केतकीच्या बागेत फक्त कापलेले खुंट. विमलताई संध्याकाळी फिरायला जायच्या आणि इतरांची फुलं बघून यायच्या. त्या मजेत होत्या, केतकीच्या मात्र जिवाला लागलं होतं. मलाही आतून लागत होतं. एक फॉर्सिथिया लावायला मी केतकीला भाग पाडायला हवं होतं. फुलांचं मला काही नाही, असं त्या म्हणाल्या होत्या खऱ्या, पण दुसऱ्याच्या कुंपणाशी उभं राहून फुलं बघणारं माणूस कुणाला बरं दिसेल.

मे महिन्याच्या सुरुवातीला त्या परत गेल्या. तोवर हायड्रेंजियाला पानं आली होती. जास्वंद अजून काडीसारखी उभी होती. ती फार उशिरा जागी होते, मेलेली समजून लोक तिला उपटून टाकतात. विमलताईंनी तिच्या बुंध्याला हात लावून निरोप घेतला, हे केतकीने सांगितलं.

त्या उन्हाळ्यात बाग जशी फुलली तशी मी माझ्या नोकरीत फार थोड्या बागा फुललेल्या पाहिल्या आहेत. हायड्रेंजियाचे तुरे दोन हातांच्या ओंजळीत मावेनात. केतकी रोज व्हिडिओ कॉल करून सासूबाईंना बाग दाखवायची. फुलं बघून त्या छान म्हणत आणि मग सांगत, फोन खाली घे, बुंध्याशी घे, कापलं तिथून किती फुटवे आलेत ते दाखव. पुढच्या जूनचं तिकीट काढायचं ठरलं. या वेळी सगळं जुळून येणार होतं.

डिसेंबरात विमलताई झोपेतच गेल्या. समीर अंत्यसंस्काराला वेळेवर पोहोचला एवढंच समाधान. दिवस करून तो परत आला.

फेब्रुवारीच्या शेवटी केतकीने मला बोलावलं. छाटणी करायला हवी होती आणि तिला एकटीला धीर होत नव्हता. मी कात्री घेऊन गेले. बागेत पाय टाकला तर समीर हायड्रेंजियाशी उभा होता. गेल्या वर्षीच्या लांब फांद्या वर गेल्या होत्या आणि खाली, त्या जिथून फुटल्या होत्या, तिथं विमलताईंचे तिरके काप दिसत होते. त्याने माझ्या हातातली कात्री बघितली.

"काकू, आईने कापलंय ते जाईल ना यात?" तो म्हणाला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांत त्याचं वजन उतरलं होतं. केतकी दारात उभी राहून मला डोळ्यांनी नको म्हणत होती. मी म्हटलं, "राहू दे. यंदा राहू दे, समीर." कात्री खिशात टाकली, चहा घेतला आणि निघाले. असल्या वेळी झाडाचं ज्ञान पाजळू नये असं मला वाटलं. वाटेत स्वतःचं जरा कौतुकही वाटलं, की आपण माणसाकडे पाहिलं, झुडपाकडे नाही.

यंदाचं राहिलं ते राहूनच गेलं. पुढच्या वर्षी केतकीने विषय काढला, तो उठून आत गेला. तिने फ्लॉक्स आणि एकिनेशियाच्या वाळलेल्या काड्या काढल्या, पण झुडपांना आणि लव्हेंडरला कुणी हात लावला नाही. मी कधी त्या बाजूला गेले की कुंपणावरून बघायचे. बडलिया छपराकडे निघालं होतं आणि फुलं इतकी वर की फुलपाखरं दिसत नसत. हायड्रेंजियाचे तुरे मुठीएवढे झाले. पाऊस झाला की फांद्या लोळायच्या. लव्हेंडर मधून फाटून खालचं करडं लाकूड दाखवायला लागलं. माझ्या हातची बाग अशी होताना बघणं सोपं नव्हतं. पण मी म्हणायचे, ही त्याची बाग आहे, त्याच्या आईची आहे. आपण कोण. अशी चार वर्षं गेली. गेल्या पानगळीत मी निवृत्त झाले.

यंदा जानेवारीत ओला बर्फ पडला. हा बर्फ वाईट, जड असतो आणि फांद्यांवर चिकटून बसतो. बडलियाची सगळ्यात मोठी फांदी बुंध्यापासून फाटून खाली आली. समीरने स्वतः मला फोन केला. झाड वाचेल का, विचारत होता.

थंडी जरा ओसरल्यावर मी गेले. आम्ही दोघांनी खाली बसून पाचोळा बाजूला केला. फाटलेली फांदी करवतीने साफ केली. तिच्या शेजारी, जमिनीपासून वीतभर वर, विमलताईंचा काप होता. वाळून करडा झालेला, कडेने सालीची गोल किनार धरलेला. समीरने त्यावर अंगठा ठेवला आणि तसाच राहू दिला.

मी हायड्रेंजियाकडे सरकले, एक फांदी धरली आणि गेली कित्येक वर्षं शिकाऊ मुलामुलींना सांगत आले तसं सवयीने सांगायला लागले. मागच्या वेळचा काप कुठं आहे ते आधी बघायचं. त्याच्या खाली कधी जायचं नाही, खाली जुनं लाकूड असतं. त्यातून जी नवी फांदी निघालीय तिच्यावर दोन डोळे मोजायचे आणि तिथं कापायचं. जुना काप खाली तसाच राहतो.

समीरने पुढे वाकून खालचा काप बघितला.

"म्हणजे दर वर्षी छाटलं असतं तरी आईचे काप राहिले असते?"

"हो," मी म्हटलं. "वर गाठी वाढत गेल्या असत्या. खालचं खालीच राहिलं असतं."

मग कात्री घेऊन त्याने पहिली फांदी कापली, दोन डोळे सोडून, नीट तिरकी. दुसरी कापली. हात सराईत नव्हता, पण आईच्या शेजारी फांदी धरून उभं राहताना त्याने बघितलेलं असणार. तिन्ही झुडपं झाली. ती सगळी वाचतील, तसं मी त्याला सांगितलं. यंदा नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यासारखी फुलतील. मग तो लव्हेंडरकडे वळला आणि मला सांगावं लागलं, की याचं काही करता येणार नाही. लव्हेंडरच्या जुन्या लाकडातून पुन्हा फुटवा येत नाही. दर वर्षी थोडं थोडं छाटत राहिलं तरच ते टिकतं. हे काढूनच टाकावं लागेल.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत, काकू?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"मला वाटलं, तू आईबद्दल बोलतोयस."

"आईबद्दलच बोलत होतो," समीर म्हणाला. "पण विचारत होतो."

केतकीने फावडं आणून दिलं. लव्हेंडरची मुळं खडीत खोल गेली होती, त्यामुळे एकेक उपटायला दोघांचा जोर लागला. संध्याकाळपर्यंत वाटेची कड मोकळी झाली.